कावोलो नेरो: पालकासारखी शिजवू नये अशी भाजी

इटलीतील टस्कनी प्रांतात हिवाळ्याच्या दिवसांत भाजीच्या मळ्यांतून एक विलक्षण रोप दिसते. खालची पाने एकेक करून खुडली गेल्यामुळे त्याचा दांडा उघडा पडलेला असतो, शेंड्याला लांबट पानांचा झुबका उरतो आणि एकंदर रूप खुज्या ताडासारखे वाटते. हा ‘कावोलो नेरो’, म्हणजे शब्दशः काळा कोबी. पाने खरे तर काळी नसून निळसर झाक असलेली गर्द हिरवी, आणि कारल्याच्या पाठीसारखी खडबडीत असतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ज्या एकाच वनस्पती-जातीतून माणसाने निवडीने घडवले, त्याच ब्रॅसिका ओलेरॅशियाचा हा गड्डा न धरणारा प्रकार आहे. (आपला ‘कोबी’ हा शब्द ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, तो पोर्तुगालमध्ये अशा बिनगड्ड्याच्या पानांनाही लावतात.)

ही भाजी पहिल्यांदा करणाऱ्यांची निराशा होते, ती बहुधा तिला पालक समजल्यामुळे. पालकाचे पान पातळ आणि पाणीदार असल्याने चार-पाच मिनिटांत मऊ पडते. कावोलो नेरोचे पान जाड, वरून मेणचट आणि मधली शीर तर देठासारखीच चिवट असते. म्हणून आधी ती शीर ओढून काढावी, हे पहिले काम.

कडवटपणाची गोष्ट अधिक रंजक आहे. मोहरी कोरडी वाटली तर फारसा वास येत नाही, पण पाणी घालून फेसू लागताच नाकात झणझणते, हा अनुभव लोणचे घालणाऱ्या प्रत्येकाला आहे. मोहरी आणि हे पान एकाच कुळातले, आणि दोघांची युक्तीही एकच. पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे साठवलेली असतात, तर त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगळ्या जागी ठेवलेले असते. किड्याने पान कुरतडले किंवा सुरीने चिरले की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट, उग्र द्रव्ये तयार होतात. वनस्पतीचा हा बचाव स्वयंपाकघरात आपल्या हाती एक निवड देतो. उग्रपणा हवा असेल, तर पान बारीक चिरून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. नको असेल, तर अख्खी पानेच उकळत्या पाण्यात सोडावीत, म्हणजे विकर आपले काम करण्याआधीच उष्णतेने निकामी होते आणि कडू संयुगांचा काही भाग पाण्यात उतरतो. तरीही कोणाला ती कडूच लागेल, कारण अशा कडवटपणाची जाणीव कमी-अधिक तीव्र असणे हे बऱ्याच अंशी जनुकांवर अवलंबून असते. ताटातले न खाणाऱ्या मुलाला हट्टी म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घेतलेले बरे.

पहिला कडाका पडून गेल्याशिवाय या भाजीला चव येत नाही, असे टस्कनीतले लोक मानतात, आणि त्यात तथ्य आहे. थंडी वाढू लागली की उभे रोप आपल्या पेशींतील विरघळलेल्या शर्करेचे प्रमाण वाढवते. साखर विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे पेशी गोठण्यापासून वाचतात आणि खाणाऱ्याला पान गोडसर लागते. हे जिवंत रोपातच घडते. खुडलेली जुडी फ्रीजमध्ये ठेवून तो परिणाम साधत नाही.

पोषणाच्या बाबतीत या पानांचा गवगवा पुष्कळ झाला आहे आणि त्यातील बराचसा अतिरंजित आहे. पण कॅल्शियमची बाब मात्र खरोखर दखल घेण्याजोगी वाटते. पालकात कॅल्शियम असले, तरी त्यातलेच ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य त्याला बांधून ठेवते आणि शरीराला त्यातले जेमतेम 5 टक्के मिळते. कावोलो नेरो ज्या बिनगड्ड्याच्या गटात मोडतो, त्या केलच्या पानांत ऑक्झॅलेट फारच कमी असते. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केलमधील सुमारे 41 टक्के कॅल्शियम शोषले गेल्याचे आढळले, तर दुधातील सुमारे 32 टक्के. या पानांत ‘के’ जीवनसत्त्वही भरपूर असते, त्यामुळे वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी ती अचानक जास्त खाऊ नयेत.

पानांचा चिवटपणा जिथे गुण ठरतो, तो पदार्थ म्हणजे ‘रिबोलिता’. नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेली’. पांढरा घेवडा, कांदा, गाजर, ही पाने आणि शिळा पाव यांचे हे दाट सूप दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवून खातात. पालक एवढ्या उकळीत विरघळून गेला असता. हे पान मऊ होते, पण आपला आकार सोडत नाही. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, आणि शिळा होताना त्यातील स्टार्चची रचना घट्ट झालेली असल्याने तो रस्सा शोषूनही लगेच लगदा होत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर घालायचेच, तर अगदी शेवटी घालावे, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि पाने मातकट दिसू लागतात.

याहून साधा प्रकार नोव्हेंबरात करतात, जेव्हा ऑलिव्हचे नवे तेल घाण्यावरून येते. भाजलेल्या पावाच्या कापावर लसूण घासायचा, तो काप पाने उकडलेल्या पाण्यात क्षणभर बुडवायचा, वर पाने पसरायची, मीठ भुरभुरायचे आणि हिरवे, घशाला किंचित खवखवणारे तेल सढळ हाताने ओतायचे. पानांतील ल्युटिन आणि बीटा-कॅरोटिन ही रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषली जातात, तेव्हा या तेलाबाबत हात आखडता घेण्याचे कारण नाही.