यकृताची दारं

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला आणि एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, आकड्यापुढे खूण दिसली, की पहिली गदा येते ती अंड्यावर. दुसऱ्या दिवसापासून ऑम्लेट पांढरं होतं आणि बलक मांजराच्या ताटलीत जातो. अंड्यावरचा हा राग मला जरा अन्यायाचाच वाटतो. एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं. पण आपलं शरीर स्वतःच रोज जवळपास १ ग्रॅम तयार करतं. पेशींची आवरणं, पित्तरस, कित्येक हार्मोन्स, ‘ड’ जीवनसत्त्व, सगळ्यांचा तो कच्चा माल. बाहेरून थोडं जास्त आलं, तर बहुतेकांचं शरीर आपलं उत्पादन कमी करतं.

या संशयाच्या मुळाशी ससे आहेत. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. नुसतं तेल खाल्लेले ससे ठणठणीत राहिले, कोलेस्टेरॉल खाल्लेल्यांच्या रोहिण्यांत मात्र माणसांसारखे थर साचले. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं की रोहिण्या खराब होतात, हे त्यातून दिसलं, आणि ते आजही खरं आहे. पण ससा पडला जन्माचा शाकाहारी. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा निचरा त्याला जमत नाही. उंदरांवर हाच प्रयोग केला तर काहीच झालं नाही.

मग माणसाच्या रक्तातला आकडा ठरवतं कोण? उत्तर मिळालं १९७०च्या दशकात, टेक्सासमधल्या डॅलसला. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या मागे लागले होते. आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या या मुलांचं एलडीएल ६००च्याही वर जातं आणि शाळकरी वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

कोलेस्टेरॉल तेलकट, रक्त पाणीदार. त्यामुळे ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधूनच रक्तातून फिरवावं लागतं. एलडीएल म्हणजे असंच एक गाठोडं. ब्राउन-गोल्डस्टीन यांना दिसलं, की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ही गाठोडी पकडून आत ओढणारी खास दारं असतात, आणि सगळ्यात जास्त असतात ती यकृतात. त्या मुलांकडे ही दारं नव्हती किंवा बिघडलेली होती. गाठोडी रक्तातच हिंडत राहतात, रोहिणीच्या अस्तराखाली शिरतात, पांढऱ्या पेशी ती गिळून फुगतात आणि थर वाढत जातो. एखाद दिवशी त्या थराचं झाकण फाटतं, वर रक्ताची गुठळी जमते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. या शोधाला १९८५चं नोबेल मिळालं.

दारांचा हिशेब कळला, की स्वयंपाकघरातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांतली संपृक्त चरबी यकृतावरची दारं कमी करते, म्हणून एलडीएल वाढतं. ओट्स, राजमा, इसबगोल यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्त धरून ठेवतो. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते रक्तातून ओढायला दारं वाढतात. आणि शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं ठसठशीत छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. वनस्पतींच्या तेलात ते नसल्यात जमाच असतं. वनस्पती तुपाच्या डब्यावरही तसं लिहिता आलं असतं, आणि ट्रान्स फॅटने, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीने, भरलेला तो पूर्वीचा डबा हृदयाला तुपापेक्षाही वाईट होता.

गोळीची गोष्टही दारांचीच आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये एका निळ्या-हिरव्या बुरशीत शरीराचं कोलेस्टेरॉल-उत्पादन रोखणारं द्रव्य शोधलं. उंदरांवर ते चाललंच नाही. ते चाललं कोंबड्यांवर. रोज अंडं घालायचं म्हणजे कोलेस्टेरॉलचा कारखाना जोरात हवा! त्यातून आली स्टॅटिन औषधं. रिपोर्टसोबत लिहून मिळणारी ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन याच घराण्यातली. गोळी यकृतातलं उत्पादन दाबते, यकृताला चणचण भासते आणि ते पृष्ठभागावर आणखी दारं उघडतं. रक्तातलं एलडीएल उतरतं ते मुख्यतः यामुळे. म्हणूनच आकडा खाली आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद केली, की दारं पुन्हा मिटतात आणि काही आठवड्यांत आकडा जागेवर.

या दारांचा शत्रूही शरीरातच सापडला: पीसीएसके९ नावाचं प्रथिन. ते दाराला चिकटतं आणि पेशीकडून ते दारच मोडीत काढवतं. त्याच डॅलस शहरात हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांना असे लोक आढळले, ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच कमी बनतं. त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं आणि हृदयविकारही क्वचित होतो. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेली एक तरुण बाई त्यांना भेटली. तब्येत उत्तम, मुलंबाळं झालेली. तिचं एलडीएल होतं १४.