केमो कुणाला लागू पडेल? उंदीर काय सांगतो, काय नाही

निपाणी-चिकोडी भागात तंबाखूची ओळख करून द्यायला नको. मूत्राशयाच्या म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते. धुरातली अरोमॅटिक अमाइन्स ही कर्करोग घडवणारी रसायने मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर पिशवीच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. त्यामुळे दुखत नसतानाही लघवीतून रक्त गेले, तर ‘उष्णता वाढली’ म्हणत धने-जिऱ्याचे पाणी पीत दिवस काढू नयेत.

गाठ स्नायूपर्यंत उतरली असेल तर पिशवी काढण्याआधी सिस्प्लाटिन असलेली केमो देतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आधी केमो घेतलेल्या 38 टक्के रुग्णांच्या काढलेल्या पिशवीत कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना उलट्या, मूत्रपिंडाला इजा, कानात आवाज, एवढे सोसून फारसे काही मिळत नाही, आणि शस्त्रक्रिया मात्र दोन-तीन महिने लांबते. त्यांना आधीच ओळखता आले तर? प्राण्यांवरचे प्रयोग चालतात ते यासाठी.

सर्वांत रुळलेली पद्धत बीबीएन या कर्करोग घडवणाऱ्या रसायनाची. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ते 0.05 टक्के, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅम, मिसळतात. बाटली प्रकाश न शिरणारी लागते आणि पाणी आठवड्यातून एक-दोनदा बदलावे लागते. यकृतात बीबीएनचे जे रूपांतर होते ते लघवीत उतरते, म्हणून गाठ नेमकी पिशवीतच धरते. साधारण 20 आठवड्यांत ती स्नायूत शिरते. उंदराची प्रतिकारशक्ती शाबूत असते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. पण एका पिंजऱ्यातले सगळे उंदीर सारखे पाणी पीत नाहीत, त्यामुळे गाठी पुढे-मागे होतात. अल्ट्रासाउंडने मोजून सारख्या आकाराचे गट पाडल्याशिवाय औषध सुरू केले, तर निकाल विश्वासाचा राहत नाही. आणखी एक घात असतो. गाठीने मूत्रवाहिनी दाबली की मूत्रपिंड सुजते. अशा उंदराला सिस्प्लाटिन दिले तर तो औषधाच्या विषारीपणाने मरतो, आणि नोंद मात्र ‘गाठीने मेला’ अशी होऊ शकते.

औषध हाताळतानाही चुका होतात. सिस्प्लाटिन डीएमएसओ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या द्रावकात विरघळवले तर त्याची रचनाच बदलते आणि परिणाम उतरतो. ते सलाइनमध्येच घ्यावे. फ्रिजमध्ये ठेवले तर खडे धरतात. अॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई चालत नाही. डोसाचा हिशेब असा: मिलिलिटरला 1 मिलिग्रॅमचे औषध सलाइनने निम्मे पातळ केले, तर 20 ग्रॅमच्या उंदराला किलोमागे 5 मिलिग्रॅमसाठी 0.2 मिलिलिटर पुरते. माणसाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 70 मिलिग्रॅम देतात. त्याच हिशेबाने तेवढेच द्यायचे तर उंदराला किलोमागे सुमारे 23 मिलिग्रॅम बसतात, आणि तेवढ्याने तो दगावतो. म्हणून ‘उंदरात लागू पडले नाही’ असे वाचले की आधी डोस पाहावा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

दुसरी वाट म्हणजे रुग्णाचीच गाठ उंदरात वाढवणे. दुर्बिणीने काढलेल्या गाठीचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे थंड द्रवातून काही तासांत आणून, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली बसवतात. गाठ 150 ते 200 घन मिलिमीटरची झाली की निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसते सलाइन. मोजमाप कॅलिपरने: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. उंदराचे वजन 20 टक्क्यांहून जास्त घटले की त्याला प्रयोगातून काढायचे. बसवलेल्या तुकड्यांपैकी बरेच धरतच नाहीत. कधी वाढलेली गाठ मूत्राशयाची नसून रुग्णाच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींपासून उठलेला लिम्फोमा, म्हणजे वेगळाच कर्करोग, निघतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या सगळ्याला काही महिने लागतात. खानापूरच्या रुग्णाला तेवढा वेळ नसतो. त्यामुळे एकेका रुग्णासाठी उंदीर पाळणे व्यवहार्य नाही. त्याचा खरा उपयोग गाठीतली खूण पारखायला होतो. उदाहरणार्थ, ईआरसीसी2 हे जनुक डीएनएची दुरुस्ती करते. त्यात बिघाड असलेल्या गाठी सिस्प्लाटिनने लवकर विरघळतात, हे 2014 मध्ये रुग्णांच्या गाठी तपासताना दिसले. खरोखर हा बिघाडच कारण आहे का, हे पाहायला तोच बदल मुद्दाम केलेल्या गाठी उंदरात वाढवता येतात.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी. स्कॉटिश टेरियरला हा कर्करोग आपोआप, इतर कुत्र्यांच्या सुमारे 20 पट होतो, आणि बहुधा स्नायूत शिरलेलाच सापडतो. पिशवी मोठी, प्रतिकारशक्ती शाबूत, वय झालेले, घरही माणसाचेच. पण कुत्र्यांच्या बहुतेक गाठींत बीआरएएफ जनुकाचा जो बदल असतो, तो माणसात क्वचितच आढळतो.

बेळगावात असो की बंगळुरात, असा प्रयोग करायला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते. आणि रुग्णापुरते बोलायचे तर आज सिस्प्लाटिन द्यायचे की नाही हे डॉक्टर आधी मूत्रपिंडाच्या तपासणीवरून ठरवतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, मिनिटाला 60 मिलिलिटरच्या आसपास लागतो. तो अहवाल हातात ठेवूनच पुढचे विचारावे.