विझलेल्या माळेतला करंट

यंदा चवथीच्या आदल्या संध्याकाळी गोव्यात, डिचोलीच्या घरी, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली आणि भाच्याने पोटमाळ्यावरची दिव्यांची जुनी माळ काढून खिडकीच्या लोखंडी गजांना गुंडाळली. बाहेर पाऊस, गज ओले. माळ पाच मिनिटं छान पेटली आणि एकदम सगळी विझली. भाचा एकेक दिवा बोटांनी दाबून बघायला लागला. मी ओरडलो तर म्हणाला, "मामा, बंद पडलीय ती. आता तिच्यात कुठला करंट?"

मी टेस्टर आणून बोर्डाकडच्या पहिल्या होल्डरच्या तारेला लावला. टेस्टरमधला निऑन लालभडक पेटला.

हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकला आहे, की त्यावर लिहायलाच हवं. विझलेली माळ ही पेटलेल्या माळेपेक्षा जास्त धोक्याची असू शकते.

शाळेतली एकसर जोडणी आठवा. आमच्या माळेत 40 दिवे एकामागून एक जोडलेले आहेत. घरातली वीज 230 व्होल्टची, म्हणजे प्रत्येक दिव्याच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट. जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा हा दाब उतरत जातो: फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेच्या टोकाला 230, मध्यावर विसाव्या दिव्यापाशी 115, न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या टोकाला शून्य. मात्र पायऱ्या पडतात त्या करंट वाहत असतो म्हणून. दिव्याच्या अवरोधातून करंट गेला तरच तिथे व्होल्टेज खर्ची पडतं. आता एका दिव्याचा फिलामेंट तुटला. करंट थांबला, त्याबरोबर पायऱ्याही गेल्या. तुटलेल्या जागेच्या अलीकडची सगळी माळ, अगदी त्या दिव्याच्या पायापर्यंत, सरळ 230 व्होल्टवर जाऊन बसते. पलीकडची सगळी शून्यावर. आणि ज्या दिव्याला आयुष्यभर पावणेसहा व्होल्ट मिळाले, त्याच्या दोन टोकांमध्ये आता पूर्ण 230 व्होल्ट उभे असतात. भाच्याचं बोट नेमकं तिथे जाणार होतं.

दिव्यांच्या माळा बनवणाऱ्यांनी हीच गोष्ट कामाला लावली, आणि त्यांची ही युक्ती मला फार आवडते. छोटा दिवा भिंगातून पाहा. फिलामेंट ज्या दोन काड्यांवर ताणलेला असतो, त्यांच्या बुडाशी काही दिव्यांत एका बारीक तारेचे दोन-चार वेढे दिसतात. ही तार दोन्ही काड्यांना जोडते, तरीही जोडत नाही, कारण तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. सहा व्होल्टला तो थर वीज अडवतो. फिलामेंट तुटला की त्या जागी एकदम 230 व्होल्ट येतात, थर फुटतो, तार दोन काड्यांना चिकटते आणि करंटला नवी वाट मिळते. तो एक दिवा काळा राहतो, बाकीचे 39 पुन्हा पेटतात. ना स्विच, ना सर्किट. बिघाडातून आलेलं व्होल्टेजच बिघाड दुरुस्त करतं! पण उरलेल्यांवरचा भार वाढत जातो. दहा दिवे गेले तर 230 व्होल्ट 30 जणांत वाटले जातात, प्रत्येकी साडेसात व्होल्टच्या वर. ते जास्त तेजाने जळतात आणि लवकर मरतात. म्हणून मेलेला दिवा लगेच बदलावा. आमच्या जुन्या माळेत ही सोय नव्हती.

शेजारच्या आजी म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठ-मिरची ओवाळून टाका. त्यांची माया खरी आहे, पण माळ विझते ती केसाहून बारीक तार तुटल्यामुळे. दृष्ट म्हणून सोडून दिलं की तुटलेली जागा कुणी शोधत नाही आणि गज ओले तसेच राहतात.

विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं नाताळचं झाड 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी उभं राहिलं. त्यावर लाल, पांढरे, निळे 80 दिवे होते. आज आपण वापरतो तसा प्लग तेव्हा नव्हता; सहज काढता-घालता येणाऱ्या प्लगचं पेटंट अमेरिकेत हार्वी हबेल यांना 1904 साली मिळालं. आपली तीन गोल पिनांची पद्धत ब्रिटिशांच्या 1934 च्या मानकावरून आली. तिच्यातली अर्थची पिन लांब असते ती उगाच नव्हे: उपकरणाला वीज मिळण्याआधी अर्थिंग जोडलं जावं आणि प्लग काढताना ते सर्वांत शेवटी सुटावं. नव्या सॉकेटमध्ये हीच पिन आत जाऊन फेज आणि न्यूट्रलच्या भोकांवरचे पडदे उघडते. सजावटीच्या माळेला मात्र दोनच पिना. मग लोक अर्थच्या भोकात पेन किंवा पेचकस खुपसून पडदे उघडतात आणि प्लग कोंबतात. कृपा करून हे करू नका. त्यातून दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो. लुकलुकवणाऱ्या डबीचं बटण बहुधा एकच तार तोडतं. ती तार न्यूट्रलची निघाली तर माळ अंधारी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत 230 व्होल्टवर.

"एलईडीला काय होतंय, तीन व्होल्टचा तर दिवा," असंही ऐकतो. एका एलईडीला तीनच व्होल्ट लागतात, खरं आहे. पण अडॅप्टर नसलेली माळ थेट 230 व्होल्टवरच टांगलेली असते. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी 5 व्होल्टची माळ घ्या. आमच्या आजोबांच्या खिडकीला लाकडी चौकटीत बसवलेले शिंपले होते, आताच्या खिडक्यांना लोखंड आहे, आणि ओल्या चिऱ्याच्या भिंतीत रोवलेला गज थेट जमिनीशी नातं सांगतो. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारी कळ, इथे वाचवत नाही, तिला कित्येक अँपिअर लागतात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहते आणि फरक दिसताच वीज तोडते. ती घरात असायलाच हवी.

थोड्या वेळाने वाड्यावरचा वायरमन आला. पायात रबरी चपला, एक हात पाठीमागे. बोर्डाच्या बाजूने एकेका होल्डरवर टेस्टर टेकवत गेला. बावीस दिव्यांपर्यंत निऑन सारखाच लाल. तेविसाव्याच्या पलीकडच्या तारेवर तो विझला. त्याने आधी प्लग उपटला, मग तो दिवा काढून भाच्याच्या तळहातावर ठेवला. आतला फिलामेंट मधोमध तुटला होता, काच आतून करडी झाली होती.