लँड्री, टॉम

(११ सप्टेंबर १९२४ – १२ फेब्रुवारी २०००). अमेरिकन फुटबॉलमधले डिफेन्सिव्ह बॅक (बचावात सगळ्यात मागे राहून पास अडवणारे), नंतर डॅलस काउबॉईजचे सलग २९ सीझन हेड कोच. जन्म टेक्ससमधल्या मिशन गावचा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बरचे को-पायलट होते, ३० मोहिमा केल्या. १९४९ ला न्यूयॉर्क यँकीज (बेसबॉलवाले नव्हे, त्याच नावाची फुटबॉल टीम) आणि १९५० ते ५५ न्यूयॉर्क जायंट्स. करिअरमध्ये ३२ इंटरसेप्शन (समोरच्या टीमचा पास मध्येच पकडणं). १९५४ पासून खेळाडू आणि असिस्टंट कोच दोन्ही एकदमच, म्हणजे आठवडाभर डिफेन्स शिकवायचा आणि मॅचला स्वतःच त्यात उभं राहायचं.

४-३ डिफेन्स (पुढे चार लाइनमन, मागे तीन लाइनबॅकर) त्यांनीच शोधला असं सर्रास छापलं जातं, पण हे जरा जपूनच घ्यावं. जायंट्सचे कोच स्टीव्ह ओवेन यांनी १९५० मध्येच 'अंब्रेला' डिफेन्स आणला होता, त्यात सहा जणांच्या लाइनमधले दोन्ही कडेचे एंड पासच्या वेळी मागे सरकायचे आणि त्या जोरावर क्लीव्हलंड ब्राऊन्सला ६-० हरवलं. ओवेननी कल्पना मांडायची आणि ती फळ्यावर सोडवून दाखवायचं काम लँड्रींकडे, असं म्हणतात. दुसरा दावा शिकागो बेअर्सच्या बिल जॉर्जचा. ५-२ डिफेन्समध्ये (पुढे पाच, मागे दोन) मधला गार्ड खाली वाकून समोरच्या सेंटरला (बॉल मागे देणाऱ्याला) भिडायचा, तर त्या जागी खेळणारा जॉर्ज साधारण १९५४ च्या सुमारास सरळ उभा राहून मागे सरकला, कारण पास डोक्यावरून जात होते. तेव्हा कल्पना दोन-तीन ठिकाणी साधारण एकाच काळात आली असावी, आणि लँड्रींनी ती बेतशीर बसवली, १९५६ पासून सॅम हफला मधला लाइनबॅकर ठेवून, हे मत जास्त पटतं. लँड्रींकडे इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगची डिग्री होतीच. डॅलसला याचाच पुढचा अवतार म्हणजे 'फ्लेक्स': दोन लाइनमन जरा मागे, प्रत्येकाने आधी आपली गॅप (समोरच्या लाइनमधली मोकळी फट) सांभाळायची, बॉलमागे धावायचं नंतर.

डॅलसचा १९६० चा पहिला सीझन एकही विजय नाही, ११ पराभव आणि एक बरोबरी. तरी मालक मर्चिसननी १९६४ ला दहा वर्षांचं काँट्रॅक्ट वाढवून दिलं, आणि १९६६ ते ८५ सलग २० सीझन जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्तच. पाच सुपर बोल (लीगची वार्षिक फायनल) खेळले, त्यातले दोन जिंकले (सहावा आणि बारावा). १९८९ ला नवे मालक जेरी जोन्स यांनी काढलं, १९९० ला हॉल ऑफ फेम.