पंधरा मीटरची वायर आणि ताशाची तर्री

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं मांडवात मोठा टीव्ही लावला होता. पोरांनी सांगलीच्या महापुरांवर स्वतः एक चित्रफीत तयार केली होती. लॅपटॉप स्टेजमागे, टीव्ही मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये पंधरा मीटरची एचडीएमआय केबल. पण दर आठ-दहा सेकंदांनी पडदा काळा व्हायचा, क्षणभरानं चित्र परत यायचं. टीव्ही बदलून झाला, लॅपटॉप बदलून झाला. रात्री साडेनऊला दोघं जण माझ्या दारात. "मॅडम, वायर नवी कोरी आहे, पिनांना सोन्याचं पाणी दिलेलं आहे, तरी असं का होतंय?"

मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. मांडवात जाऊन मी एकच गोष्ट केली. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चित्र फोर-के होतं ते फुल एचडीवर आणलं. पडदा काळा व्हायचा थांबला, आणि विसर्जनापर्यंत पुन्हा झाला नाही. पोरं खूश झाली, पण त्यातल्या एकानं विचारलं, "एका मिनिटापूर्वी खराब असलेली वायर आता चांगली कशी झाली?" हा प्रश्न मला फार आवडला. टीव्हीला कुठली वायर जोडायची याचं जवळजवळ सगळं उत्तर त्यात आहे.

आधी हिशेब. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे २४ अंक, आणि असं पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा. हे झाले जवळपास १२ अब्ज बिट. त्यात चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागा आणि ८ बिटांचे १० बिट करून पाठवण्याची पद्धत धरली की आकडा सेकंदाला सुमारे १८ अब्ज बिटांवर जातो, म्हणजे १८ गिगाबिट. फुल एचडीत ठिपके एक चतुर्थांश, त्यामुळे तिथं साडेचार गिगाबिटच्या आसपास काम भागतं.

एचडीएमआय केबलच्या तोंडाशी १९ पिना असतात. चित्राची माहिती तारांच्या तीन जोड्यांमधून जाते, म्हणजे फोर-केसाठी एका जोडीवर सेकंदाला ६ अब्ज बिट. तांब्याच्या तारेत विजेची लहर प्रकाशाच्या साधारण ७० टक्के वेगानं धावते. भागाकार केला की कळतं, एक बिट त्या तारेत जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जागा व्यापतो. दोन बोटांची रुंदी. पंधरा मीटरच्या वायरीत एका वेळी प्रत्येक जोडीवर चारशेहून जास्त बिट एकामागे एक पळत असतात. फुल एचडीत तोच बिट आठ बोटं लांब होतो.

आता या दोन बोटांच्या बिटाचं वाटेत काय होतं ते पाहू. मिरवणूक आपल्या दारात असते तेव्हा ताशाची तर्री कशी कडकडीत, एकेक टिपरू वेगळं ऐकू येतं. तीच मिरवणूक चार गल्ल्या पुढं गेली की तर्री विरून जाते आणि ढोलाचं धम्म धम्म तेवढं उरतं. दूर जाताना आवाजातला बारीक, जलद भाग आधी मरतो. वायरीतही तसंच होतं. बिटाची कड, म्हणजे शून्यावरून एकावर मारलेली ती सरळ उडी, जलद कंपनांनी घडलेली असते. वायर लांब झाली की ही जलद कंपनं आधी झिजतात, कड गोलसर होते, एक बिट शेजारच्या बिटावर सांडायला लागतो. दोन बोटांचे बिट लवकर एकमेकांत मिसळतात, आठ बोटांचे तग धरतात. मंडळाची वायर बदलली नव्हती, तिच्यावरचं ओझं कमी झालं होतं.

जलद कंपनंच आधी का झिजतात, याचं एक कारण मला अजूनही थक्क करतं. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेला तांब्यात खोलवर, नऊ मिलिमीटरपर्यंत शिरता येतं. तेच कंपन सेकंदाला ३ अब्ज झालं की वीज तारेच्या कातडीवरून वाहते, आणि ती कातडी असते सव्वा मायक्रॉनच्या आसपास जाड. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. तार कितीही भरीव असो, वीज वापरते फक्त तिचा पृष्ठभाग. जाड तारेला परीघ जास्त, म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणून लांब अंतरासाठी जाड तार खरोखर उपयोगी पडते. दीड मीटरसाठी मात्र या जाडीचा फायदा हाती लागत नाही.

त्या तीन जोड्या पिळ घातलेल्या असतात, तेही विनाकारण नाही. एका तारेवर जो दाब असतो त्याच्या उलटा दुसरीवर असतो, आणि टीव्ही फक्त दोघींमधला फरक मोजतो. शेजारी पंपाची मोटर सुरू झाली, तिचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. हळदीच्या पेठेतल्या तराजूच्या दोन्ही पारड्यांवर सारखीच धूळ बसली तर काटा हलत नाही, तसं.

"महागातली वायर घ्या, चित्र सुंदर दिसेल" हा सल्ला आपल्याकडे दुकानापासून नातेवाइकांपर्यंत सगळे देतात, आणि मनापासून देतात. तो आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण एके काळी तो बरोबर होता. माझ्या लहानपणी गच्चीवर लोखंडी पाइपाला बांधलेला अँटेना होता आणि तिथून खाली चपटी वायर यायची. त्या काळात चित्र म्हणजे विजेच्या दाबाची अखंड नक्कल. वायरीत जेवढी घट, तेवढं चित्र फिकं. बाहेरची खरखर शिरली की पडद्यावर मुंग्या. आणि त्या चपट्या वायरीला मध्येच गोल वायरीचा तुकडा पिळून जोडला की माणसांच्या शेजारी सावल्या दिसायच्या. चपट्या वायरीचा विजेच्या लहरींना होणारा अंगभूत अवरोध ३०० ओहम, गोल वायरीचा ७५. लहर एका प्रकारच्या वाटेवरून दुसऱ्या प्रकारच्या वाटेवर जाते तेव्हा तिचा काही भाग मागे उलटतो, पुन्हा परततो आणि उशिरा पोचतो. तीच ती सावली. तेव्हा चांगल्या वायरीनं चित्र खरंच सुधारायचं.

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. हिताची, फिलिप्स, सोनी, तोशिबा अशा सात कंपन्यांनी ते मिळून घडवलं. त्यानंतर हा हिशेब बदलला. टीव्हीला आता एवढंच ओळखायचं असतं की आलेला बिट शून्य की एक. थोडा गोलसर झालेला एकही एकच. म्हणून डिजिटल वायर रंग फिके करू शकत नाही, चित्र मऊ किंवा धूसर करू शकत नाही. ती कमी पडली तर पडद्यावर चांदण्या चमकतात, आवाज तुटतो, पडदा काळा होऊन परत येतो, किंवा काहीच दिसत नाही. रंग आवडत नसतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरा, वायर बदलण्यात पैसे घालू नका. सोन्याच्या मुलाम्याचाही फायदा गंज न चढण्यापुरता आहे. आपल्या पावसाळी हवेत तो चांगलाच, पण चित्राच्या सौंदर्याशी त्याचा संबंध नाही.

मला खरी कळकळ वाटते ती वेगळ्याच घरांची. सांगलीत आणि आसपासच्या गावांत मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, टीव्ही नवा, सेट-टॉप बॉक्स एचडी, दर महिन्याला एचडी वाहिन्यांचे पैसे भरलेले, आणि बॉक्स टीव्हीला जोडलेला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी. जुन्या टीव्हीची वायर तशीच नव्याला लावलेली. लाल आणि पांढरी पिन आवाजाची, उजवा आणि डावा. सगळं चित्र एकट्या पिवळ्या पिनेतून. तिच्यातून आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीचं चित्र जातं, त्यात दिसणाऱ्या ओळी ५७६. एचडीच्या १०८० ओळी बॉक्सपर्यंत पोचतात आणि तिथंच थांबतात. शिवाय उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेवर कालवून पाठवलेले असतात. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास बसवलेली, आणि कपड्यावरच्या बारीक रेघांनीही नेमकी तेवढीच कंपनं तयार होतात. टीव्हीची फसगत होते. बातम्या देणाऱ्या बाईंच्या बारीक रेघांच्या साडीवर इंद्रधनुष्यासारखे रंग वळवळताना तुम्ही पाहिले असतील, ते यामुळे. अशा घरात बॉक्ससोबत आलेली साधी एचडीएमआय केबल लावली की जो फरक पडतो तो चष्मा लावल्यासारखा असतो. माझ्या मावशीच्या घरी ती केबल चार वर्षं कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती.

विकत घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावरचे आवृत्तीचे आकडे बाजूला ठेवा. केबलची अधिकृत वर्गवारी नावानं होते. हाय स्पीड १०.२ गिगाबिटपर्यंत, प्रीमियम हाय स्पीड १८ पर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड ४८ पर्यंत. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर तपासणीचं लेबल असतं, ते मोबाइलनं स्कॅन करता येतं. सेट-टॉप बॉक्सला हाय स्पीड भरपूर झाली. फोर-के सिनेमे दाखवणाऱ्या पेटीला प्रीमियम. अल्ट्रा लागते ती सेकंदाला १२० चित्रं काढणाऱ्या नव्या गेमच्या यंत्रांना, आणि तीही टीव्हीला तेवढं झेपत असेल तरच.

अंतर आधी दोरीनं मोजा, भिंतीच्या कडेनं, वळणांसकट. लागेल त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त घ्या, तीन मीटर जास्त नको. फोर-के आणि साधी तांब्याची केबल असेल तर पाच मीटरच्या पुढे माझा भरवसा उडतो. त्याहून लांब जायचं असेल तर आतून काचेचा तंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल मिळते. तिच्या एका टोकाला विजेचा प्रकाश होतो, दुसऱ्या टोकाला प्रकाशाची पुन्हा वीज. म्हणून तिला दिशा असते आणि दोन्ही टोकांवर तसं छापलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. भिंतीत पाइप घालून कायमची ओढणार असाल तर प्लास्टर करण्याआधी दोन्ही टोकं जोडून पाहा. आमच्या मंडळाला मी आता हीच सुचवली आहे.

साउंडबारची गोष्ट थोडक्यात. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय खाचा असतात, त्यातल्या एकीशेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं. टीव्हीचा आवाज बाहेर पडतो तो त्याच खाचेतून. दुसरीत लावून "साउंडबार खराब निघाला" म्हणत परत देणारे लोक मी पाहिले आहेत. साउंडबार जुना असेल तर लाल उजेड दिसणारी ऑप्टिकल वायर वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन यंत्रांच्या अर्थिंगमुळे येणारा घूं आवाजही तिच्यात शिरत नाही. मोबाइल वायरीनं टीव्हीला जोडायचा असेल तर एक लक्षात असू द्या, चार्जिंगची खाच सारखी दिसली तरी पुष्कळ मोबाइलमधून चित्र बाहेर पडतच नाही. ॲडॉप्टर घेण्याआधी मोबाइलची माहिती वाचा.

उरली गच्चीवरची छत्री. तिच्या तोंडाशी जी छोटी डबी असते ती उपग्रहाकडून आलेल्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणते आणि गोल काळ्या वायरीतून घरात पाठवते. त्याच वायरीतून बॉक्स त्या डबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवतो. ही वायर ७५ ओहमचीच हवी आणि अखंड हवी. कमी पडली म्हणून तारा पिळून वर टेप गुंडाळला की जुन्या सावल्यांचं कारण पुन्हा घरात आलं, फक्त आता सावली न दिसता चौकोन फुटतात.

पावसाळ्यात "सिग्नल नाही" अशी पाटी आली की लगेच वायरीवर संशय घेऊ नका. जोराच्या सरीतलं पाणी उपग्रहाच्या लहरी शोषून घेतं, सर ओसरली की चित्र आपोआप येतं. महाबळेश्वर-पाटणकडच्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. ऊन पडून दोन दिवस झाले आणि तरी चित्र येत नसेल, तर पाणी जोडात शिरलंय. वायर खिडकीतून आत घेताना आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, घरात येत नाही. वळवाचे ढग गडगडायला लागले की छत्रीची वायर बॉक्समधून काढून ठेवा. नुसतं बटण बंद केल्यानं ती वाट बंद होत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरल्यावर आम्ही गावभागातल्या नातेवाइकांचं घर धुवायला गेलो होतो. वरच्या मजल्यावर नेलेला टीव्ही वाचला होता, वायरी खालीच राहिल्या होत्या. त्या पुसून, उन्हात वाळवून परत लावल्या. पंधरा दिवसांनी चित्र तुटायला लागलं. छत्रीची वायर मी टोकाशी सोलून पाहिली. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती आणि मधला पांढरा थर ओलाच होता. तुटक्या टोकातून शिरलेलं पाणी जाळीच्या बारीक फटींमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत आत चढत गेलं होतं. हातभर कापलं, तरी हिरवं. आणखी हातभर, तरी हिरवं. शेवटी छत्रीपासून बॉक्सपर्यंत सगळी नवी ओढली. पुराच्या पाण्यातून निघालेली वायर, मग ती छत्रीची असो की एचडीएमआय, मी तेव्हापासून कुणालाच वाळवून वापरू देत नाही.