जुन्या मोटोक्रॉस गाड्या : युरोपीय-जपानी चुरस

मोटोक्रॉस म्हणजे माती, चिखल, चढउतार आणि उड्या असलेल्या बंदिस्त मार्गावरची मोटारसायकल शर्यत. या खेळात साधारण १९६५ ते १९८५ या काळात युरोपीय कारखाने आणि जपानी कंपन्या यांच्यात चुरस लागली होती. त्या गाड्यांच्या व्हिंटेज शर्यती आज अमेरिकेत आणि युरोपात होतात, आणि कोणाची गाडी सरस हा जुना वादही तिथे अजून रंगतो.

सुरुवातीला मैदान युरोपचेच होते. टॉर्स्टन हॉलमन याने स्वीडनच्या हुस्क्वार्नावर २५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद चार वेळा मिळवले. जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ मध्ये ब्रिटिश बीएसएवर ५०० सीसी गटात जिंकला, पण ती जड फोर-स्ट्रोक गाड्यांची अखेर ठरली. पुढची तीन वर्षे ते विजेतेपद चेकोस्लोव्हाकियाच्या हलक्या टू-स्ट्रोक सीझेडवर बसणाऱ्या पॉल फ्रीड्रिक्सकडे राहिले. जर्मनीच्या मायकोची ख्याती वळणांवर होती. (नाशिकच्या मायको सर्कलशी हिचा काही संबंध नाही.) मायकोचे पुढचे चाक ओढेल तिकडे निमूट जाई, मोडतोड मात्र इतकी, की तिला ‘मायको-ब्रेको’ असे टोपणनाव पडले.

जपान्यांनी हा किल्ला सर केला तो बव्हंशी युरोपच्याच माणसांकडून. सीझेडवर तीन विजेतेपदे मिळवलेला बेल्जियमचा जोएल रोबेर सुझुकीने आपल्याकडे घेतला आणि १९७० मध्ये त्याने जपानला मोटोक्रॉसचे पहिले विश्वविजेतेपद मिळवून दिले. त्याच्याच देशाचा रॉजर डी कॉस्टर सुझुकीवर ५०० सीसी गटात पाच वेळा जिंकला. कारखान्याच्या या खास गाड्या इतक्या हलक्या होत्या, की पुढे किमान वजनाची अट घालावी लागली. दुकानात मिळणारी सुझुकी टीएम४०० मात्र वेगळीच चीज होती. आधी सुस्त, मग एकदम उसळणारी ताकद आणि ती न पेलणारी चॅसी, यामुळे तिने भल्याभल्यांना मातीत लोळवले. नाव एक आणि माल दुसरा, हा आक्षेप तेव्हा तरी खरा होता. १९७३ च्या होंडा सीआर२५०एम एल्सिनोरने तो पुसला. चंदेरी अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर हिरवा पट्टा असलेली ही गाडी खोक्यातून काढून थेट शर्यतीत उतरवता येई.

निर्णायक घाव मागच्या सस्पेन्शनचा. ल्यूसियँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरऐवजी टाकीखाली एकच लांब शॉक बसवण्याची युक्ती काढली. ती यामाहाने घेतली आणि हॉकन अँडरसनने १९७३ चे २५० सीसी विजेतेपद जिंकले. मायकोने शॉक नुसते पुढे सरकवून चाकाची वरखाली हालचाल वाढवली; हा उपाय स्वस्त आणि बराच काळ पुरेसा होता. दोन शॉकची १९८१ ची मायको ४९० आजही अनेक जाणकार आपल्या काळातली खुल्या (सर्वात मोठ्या इंजिनांच्या) गटातली सर्वोत्तम गाडी मानतात. दोनच वर्षांत कंपनीचे दिवाळे निघाले. हुस्क्वार्ना हात बदलत अखेर केटीएमकडे आली आणि आता ते नाव पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांवरही दिसते.

व्हिंटेज शर्यतींचे नियम या इतिहासावरच बेतलेले आहेत. अमेरिकेत मुख्य व्हिंटेज गटांची सीमा १९७४ च्या आसपास असून चाकांची हालचाल पुढे ७ आणि मागे ४ इंचांपर्यंतच चालते. थोडक्यात, जपानची सरशी पक्की होण्याच्या उंबरठ्यावर घड्याळ थांबवलेले आहे. म्हणून तिथे सीझेड आणि हुस्क्वार्ना एल्सिनोरला अजून झुंजवतात. ब्रिटनमध्ये ‘ट्विनशॉक’ हा गट लोकप्रिय आहे. दोन शॉक, हवेने थंड होणारे इंजिन आणि ड्रम ब्रेक ही त्याची ओळख. नावाप्रमाणे पाहिले तर एका शॉकची यामाहा यात बसत नाही. तरी काही आयोजक लिंकेज (शॉक आणि चाक यांच्यामधली तरफांची जोडणी) नसलेली जुनी यामाहा चालवून घेतात, आणि मायकोवाले कुरकुरतात.