जमीन घ्यायला पैसे चटकन पास होतात, घरांच्या डागडुजीला का नाही? मॅसॅच्युसेट्सची पार्श्वभूमी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टाउनमध्ये बजेट ठरतं ते टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावातले मतदार (मोठ्या टाउनमध्ये त्यांनी निवडून दिलेले मेंबर) एका हॉलमध्ये बसतात आणि एकेका आर्टिकलवर, म्हणजे अजेंड्यातल्या एकेका प्रस्तावावर, मत देतात. तिथे परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की एक वाद ठरलेला असतो. नवीन घरांसाठी जमीन घ्यायचीय? घ्या. आहेत त्या घरांची डागडुजी करायचीय? मग "हे या फंडात बसतं का" यावरच चर्चा अडकते. हा फंड म्हणजे सीपीए, मोकळी जमीन, जुन्या वास्तू आणि घरं यांच्यासाठी गावाने वेगळा जमवलेला पैसा. लोक कंजूष आहेत असं बाहेरून वाटेल, पण खरं कारण पैसा कुठून येतो आणि तो फंड कोणाच्या डोक्यातून निघाला यात आहे.

आधी घरांचं बघू. या राज्याने फक्त वॉशिंग्टनच्या भरवशावर न राहता स्वतःच्या पैशाने सार्वजनिक घरं बांधली, जे अमेरिकेत फार कमी राज्यांनी केलंय. 1948 मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि 1954 मध्ये वयस्कर लोकांसाठी कार्यक्रम आला. भाडं उत्पन्नाच्या हिशोबाने, त्यामुळे त्यातून छप्पर, बॉयलर, खिडक्या बदलायचा खर्च निघणं अवघडच, आणि राज्याकडून येणारा पैसा वर्षानुवर्षं अपुरा. मग 1969 मध्ये 40बी नावाचा राज्याचा कायदा आला. ज्या टाउनमध्ये परवडणारी घरं 10 टक्क्यांपेक्षा कमी, तिथे बिल्डर ठरावीक वाटा परवडणाऱ्या घरांचा ठेवून स्थानिक झोनिंगला (कुठे काय आणि किती बांधायचं याच्या नियमांना) वळसा घालू शकतो. टाउनवाले यावर आजही चिडतात, पण त्या भीतीनेच बऱ्याच ठिकाणी "आपणच जमीन घेऊ आणि आपल्याला हवं तसं बांधू" हा विचार सुरू झाला.

विचार ठीक, पैसा कुठाय? 1980 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन अडीच पास केलं, म्हणजे टाउनची प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, नवीन बांधकामाचा टॅक्स सोडून, आणि जास्त हवं असेल तर त्यासाठी वेगळं मतदान. शाळा, फायर, रस्ते यातच सगळं संपतं, घरांचा नंबर लागतोय कधी.

वाट दाखवली ती राज्याच्या किनाऱ्याजवळच्या दोन बेटांनी. 1983 मध्ये नँटकेट बेटावर लँड बँक सुरू झाली. जमीन-घराचा व्यवहार झाला की घेणाऱ्याने 2 टक्के द्यायचे आणि त्या पैशातून मोकळी जमीन घेऊन ती कायमची राखायची. 1986 मध्ये मार्थाज विनयार्ड या दुसऱ्या बेटानेही तेच केलं. श्रीमंतांची समर हाउसेस विकली जातात, त्यांच्याच पैशातून किनारा आणि माळ वाचतो, डोकं लावलं होतं खरं! गंमत म्हणजे अशीच फी घरांसाठी लावू द्या म्हणून नँटकेट आणि इतर बरीच गावं गेली कित्येक वर्षं मागे लागलीयत. 2024 च्या हाउसिंग कायद्याच्या प्रस्तावात गव्हर्नर मॉरा हिली यांनी ती घातली होती, विधिमंडळाने ती काढून टाकली.

बेटांचं मॉडेल राज्यभर नेताना मात्र एकट्या जमीन वाचवणाऱ्यांची ताकद पुरणार नव्हती. म्हणून जुन्या वास्तू जपणारे आणि घरांसाठी झगडणारे दोघेही सोबत आले आणि बरीच वर्षं रखडल्यावर 14 सप्टेंबर 2000 ला गव्हर्नर पॉल सेलुची यांनी कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्टवर सही केली. सगळे याला सीपीए म्हणतात. गावाने मतदानाने स्वीकारलं तर प्रॉपर्टी टॅक्सवर 3 टक्क्यांपर्यंत सरचार्ज (जादा कर), आणि हा त्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. वर राज्याचा मॅचिंग पैसा (गावाने जमवलेल्या पैशाच्या प्रमाणात राज्य घालतं तो), जो जमिनीचे कागद नोंदवतानाच्या फीमधून येतो. मोकळी जमीन, जुन्या वास्तू आणि घरं या प्रत्येकाला वर्षाला किमान 10 टक्के द्यायचे, उरलेल्यात ओढाताण. पहिली काही वर्षं राज्य डॉलरला डॉलर देत होतं. मग गावं वाढली, 2008 च्या सुमाराला प्रॉपर्टी मार्केट बसलं आणि मॅच धाडकन खाली आला. नोंदणी फी 20 वरून 50 डॉलर झाली ती थेट 2019 मध्ये.

आता मूळ भानगड. सीपीएतून घर विकत घेता येतं, बांधता येतं, नुकसानीपासून वाचवता येतं, पण मेंटेनन्स नाही. आणि मोठं नूतनीकरण फक्त त्याच घरांचं, जी सीपीएच्याच पैशाने घेतलीत किंवा बांधलीत. म्हणजे 1954 च्या कार्यक्रमातली जुनी घरं, ज्यांना खरी गरज, तीच बाहेर! मग गळकं छप्पर बदलणं हे "इमारत वाचवणं" आहे की "दुरुस्ती" यावर टाउनचा वकील मत देणार, आणि स्वयंपाकघर नवं करायचं म्हटलं की बहुतेक वेळा नाहीच.

बागांनाही आधी हेच लागू होतं. न्यूटन शहराने जुन्या बागा सुधारायला सीपीएचा पैसा काढला, काही करदाते कोर्टात गेले आणि 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2012 ला विधिमंडळाने कायदा बदलला आणि जुनी मैदानं, बागा सुधारायला परवानगी दिली. घरांना नाही दिली. मला हे आजही पटत नाही, झोपाळे नवीन बसवता येतात आणि 70 वर्षांच्या आजीचं बाथरूम नीट करायचं तर शब्दांच्या कसरती.

जमिनीच्या बाजूने अडचण वेगळी, ती वेळेची. विकणारा टाउन मीटिंगपर्यंत थांबत नाही, आणि मीटिंगला गावाच्या सीपीए कमिटीने सुचवलेली रक्कम कमी करता येते किंवा फेटाळता येते, वाढवता येत नाही. कर्ज काढायचं तर दोन तृतीयांश मतं. म्हणून 2005 पासून गावांना हाउसिंग ट्रस्ट काढता येतात. मीटिंगने ट्रस्टला एकरकमी पैसा द्यायचा, पुढचे सौदे ट्रस्ट स्वतः करतो. इथून डागडुजीची पळवाट निघेल असं काहींना वाटलं होतं, पण 2016 ला कायद्यातच स्पष्ट केलं की सीपीएचा पैसा ट्रस्टकडे गेला तरी त्याचे नियम त्याच्याबरोबर जातात. त्यामुळे हुशार ट्रस्ट आता दोन खाती वेगळी ठेवतात, सीपीएचा पैसा जमीन आणि बांधकामाला, बिल्डरकडून किंवा जनरल फंडातून (टाउनच्या नेहमीच्या बजेटमधून) आलेला दुरुस्तीला. दुसरं खातं अर्थातच बारीक असतं, त्यामुळे जुन्या सरकारी घरांचं मोठं काम अजूनही राज्याकडेच बघतं. 2024 च्या त्याच कायद्यात 5 अब्ज डॉलरच्या वर कर्जाची मंजुरी आहे आणि त्यातले 2 अब्ज सार्वजनिक घरांच्या दुरुस्तीला, पण ही मंजुरी म्हणजे हातात आलेला पैसा नाही, दर वर्षी किती काढायचा ते राज्य ठरवणार.